घोरीला टाके

ताडकळसच्या बाजारादिवशी सकाळच्या मोटारीतून दैवशाला उतरली आणि तडक पाटलांच्या दारात येऊन उभी राहिली. सूर्यभान ओसरीवर दाढी करत बसला होता, त्याचा वस्तरा गालावरच थांबला. तेरा वर्षांत नवरा-बायकोची गाठ पडली होती तीनदा, तीही परभणीत आणि तीही उभ्याउभ्या. आणि आज बाई हातात लाकडी पेटी घेऊन, पदर नीट करून, सरळ उंबऱ्यापाशी.

"तू? तुला कोन बलावलं?"

"मी बलावलं." कमलबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. "मी निरोप धाडला व्हता. या आक्का, आत या."

सवतीनं सवतीला बोलावणं धाडलं! सूर्यभानला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. दैवशालाला घराबाहेर काढल्यावर वर्षाच्या आत कमलबाई या घरात आली होती. एकीचा पाय निघाला म्हणून दुसरीचा पडला. दैवशाला खरी ठरली तर कमलबाईनं कुठं जायचं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो नेहमीसारखा बाजूला सारला. अवघड विचार बाजूला सारण्यात सूर्यभानचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

"कमल, अगं आज पालमचे बन्सीधरराव येणार हायेत. आजच कामून?"

"आज येणार हायेत म्हनूनच आज."

बन्सीधररावांनी आपल्या मुलासाठी तानूला पाहिलं होतं. मुलगी पसंत होती. पण गेल्या आठवड्यात त्यांनी स्वच्छ सांगून धाडलं होतं: पोरीच्या सख्ख्या आईनं सासऱ्याला विष घातलं असं पालमपर्यंत बोललं जातं. खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकू द्या, मग सुपारी फोडू. तानू दैवशालाची. चार वर्षांची असताना आईवेगळी झाली आणि कमलबाईच्या कुशीत वाढली. कमलबाईला स्वतःचं मूल झालं नाही. त्यामुळे तानूचं लग्न मोडणं म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

दैवशाला ओसरीवर टेकली. सतरा वर्षांची तानू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्यासमोर गोंधळून उभी राहिली. घरातल्या आईला ती माय म्हणे आणि या बाईला परभणीची माय.

"तुझ्यासाठी आले बग मी," दैवशाला तिला म्हणाली. "आन् माझ्यासाठी बी."

*

आता त्या घोरीचं सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं.

घोरी म्हणजे फिक्या हिरव्या रंगाची चिनी मातीची मोठी रिकाबी, खोलगट ताटच. सूर्यभानच्या वडलांना, आप्पाराव पाटलांना, ती एका जहागीरदारानं खूश होऊन दिली होती. निजामाच्या राजवटीत बड्या लोकांची अशी समजूत, की घोरीत विषाचं अन्न पडलं की ती तडकते. आप्पाराव काही बडे नवाब नव्हते, पण भावकीशी त्यांचं हाडवैर होतं आणि जिवाची धास्ती होती. त्या दिवसापासून ते घोरीतच जेवू लागले. वाढायची ती फक्त त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, आणि धुवायची तीही तिनंच.

तेरा वर्षांपूर्वी झुंबरबाई नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला गेली आणि वाढण्याची पाळी पहिल्यांदाच सुनेवर आली. दैवशालानं हुलग्याचे शेंगोळे केले. चुलीवरून उतरवले आणि घोरीत ओतले. कट्‌ असा आवाज झाला आणि आप्पारावांच्या डोळ्यांसमोर घोरीचे तीन तुकडे झाले. शेंगोळे खड्ड्यात पुरले. दुसऱ्या दिवशी बाजार होता. भर बाजारात पारावर उभं राहून पाटलांनी गावाला सांगितलं, की माझ्या सुनेनं मला विष घातलं, देवानं वाचवलं, आजपासून ती माझ्या घरची नाही.

त्यांचाच सूर्यभान त्याच पातेल्यातले दोन वाट्या शेंगोळे आधीच खाऊन बसला होता. त्याला साधी ढेकरसुद्धा आंबट आली नव्हती. पण तो बोलला नाही.

आप्पाराव आता पंच्याहत्तरीला आले होते. निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, पाटीलकीत पहिला दम राहिला नाही, तरी घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. कमलबाई त्यांच्या माचापुढे जाऊन उभी राहिली आणि ठाम आवाजात बोलली.

"मामा, आक्का आल्यात."

"दिसलं मला. पुढल्या मोटारीत बसवून दे."

"त्या घोरी जोडायला आल्यात. परभणीत त्या हेच काम करतेत. मोठमोठ्या घरची चिनी त्यांच्याकडं जोडायला येती."

"माझी घोरी? तिच्या हातात?"

"घोरी खरं बोलती असं तुमीच म्हनता न्हवं? मंग बोलू द्या की तिला. आक्का घोरी जोडतील, घोरीतच गरम गरम वाढतील, आन् बन्सीधररावांच्या देखत तुमी जेवाल. तडकली तर मी सोता आक्काला मोटारीत बसवून देते, परत नाव काढत न्हाई. न्हाई तडकली तर तुमी तोंड उघडायचं, आक्कानं विष घातलं न्हवतं म्हनून."

आप्पारावांनी सुनेकडे नीट पाहिलं. ही तोंड वर करून बोलणारी कमल त्यांनी आजवर पाहिली नव्हती. नाही म्हणावं तर आपलाच घोरीवर विश्वास नाही असं होतं, आणि त्या विश्वासावर तर त्यांनी एका बाईचं आयुष्य उधळून दिलं होतं. त्यांना नाही म्हणता येईना.

"जोडू दे," ते शेवटी म्हणाले. "तडकंल ती. बगशील तू."

"आग्ग माय, हे काय खूळ काढलंय?" आतल्या खोलीतून झुंबरबाई धावत आली. सत्तरीची बाई, पण त्या क्षणी तिचे गुडघे दुखायचे थांबले. "शुभ कामाच्या दिवशी फुटकं भांडं कोन उघडतंय? पोरीच्या लग्नात अपशकुन करायलाव का?"

"तेरा वर्षं तेच फुटकं भांडं सांदुकीत जपून ठिवलंय मामांनी, पुरावा म्हनून," कमलबाई म्हणाली. "तवा न्हाई झाला अपशकुन? किल्ली द्या, आत्याबाई."

झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आप्पारावांनी मान हलवली. कमरेची किल्ली सोडताना तिच्या बोटांना गाठ सापडेना.

*

दैवशालानं परसात लिंबाच्या सावलीला गोणपाट अंथरलं आणि घोरीच्या फडक्याची गाठ सोडली. दोन मोठे अर्धे आणि काठाचा एक बोटभर लांब तुकडा. या तीन तुकड्यांनी माझं वाटोळं केलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला वाटलं आता रडू येईल. पण रडू आलं नाही. हात कामाला लागले होते.

परभणीत ती मावशीकडे राहिली होती, तिच्या शेजारी गफूरचाचा राहत. चिनीला टाके घालणारा तसा कारागीर आसपास नव्हता. म्हाताऱ्याचे डोळे गेले तेव्हा हाताशी कुणी नव्हतं, म्हणून दैवशाला त्यांचे डोळे झाली आणि तीन-चार वर्षांत हातही झाली. रझाकारांच्या धामधुमीतही ती त्यांच्या दारातून हलली नाही. चाचा गेल्यावर पेटी तिच्याकडे आली. आता परभणीत तिला टाकेवाली बाई म्हणत, आणि हैदराबादचे व्यापारी बरण्या, सुरया, रिकाब्या पेंढ्यात बांधून तिच्याकडे आणत.

तिनं मोठा अर्धा उचलला आणि फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. असं ती प्रत्येक भांड्याला करी. कड बोलते, चाचा म्हणत. पण ही कड खरखरीत लागायला हवी होती, ती गुळगुळीत लागली. तिनं तुकडा उन्हात धरला. आतली माती करडी-पांढरी दिसायला हवी. तिच्यावर तपकिरी थर होता. तिनं नख मारलं. थराचा कपचा निघाला. तिनं तो बोटांनी चुरडला आणि नाकाशी नेला.

लाख.

मग दैवशालानं तिन्ही तुकडे पालथे-सुलटे करून पाहिले. वरच्या अंगाला फुटीच्या कडेनं हिरवा रंग चढवला होता, बरोबर मातीच्या छटेचा, चांगल्या हाताचा. नखानं तो पापुद्र्यासारखा उचलला गेला. घोरी त्या दिवशी फुटलीच नव्हती! ती आधीच कधीतरी फुटली होती, कुणीतरी ती गुपचूप लाखेनं जोडून वरून रंगवून घेतली होती, आणि उकळते शेंगोळे पडताच लाखेनं हात सोडला होता. माझ्या हातानं काहीही झालं नव्हतं. हे तिला तेरा वर्षं ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि हातात धरणं यात फरक असतो. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

ती ओरडली नाही. तिनं तानूला हाक मारली आणि काठाचा लहान तुकडा, न पुसता, न धुता, तिच्या हातात ठेवला.

"हा धर. तुझ्या आज्याच्या नजरंसमोर ओसरीवर बसून राहा. मी मागीपर्यंत कुनाच्या हातात द्यायचा न्हाई. माझ्या बी न्हाई."

"कामून, माय?"

"सांगते मंग."

नुसतंच माय म्हणाली पोरगी. दैवशालानं मान खाली घातली आणि गरम पाण्यात दोन मोठे अर्धे बुडवले.

लाख खरवडून कडा स्वच्छ केल्यावर तिनं बरमा काढला. त्याच्या टोकाला हिऱ्याची बारीक कणी होती. कमानीची दोरी बरम्याला वेढली, थेंबथेंब पाणी सोडलं आणि कमान मागं-पुढं ओढायला सुरुवात केली. भोक आरपार पाडायचं नसतं, अर्ध्या जाडीपर्यंतच. हात जरा जड पडला तर भांडं हातातच जातं. एक भोक फुटीच्या अलीकडे, एक पलीकडे, मग पितळेच्या तारेचा टाका, दोन्ही टोकं वळवलेला. टाका निखाऱ्यावर तापवून बसवायचा. निवता निवता तो आकसतो आणि दोन्ही अर्धे एकमेकांना घट्ट आवळतो.

तिसरा टाका बसवत असताना तिच्यावर सावली पडली. झुंबरबाई समोर येऊन बसली. तिची नजर पाण्याच्या घंगाळाकडे होती, त्यात तपकिरी कण तरंगत होते.

"गरम पान्यात टाकलीस," ती म्हणाली.

"व्हय."

लाखेचं बिंग फुटलं हे दोघींनाही कळलं.

"आत्याबाई, कवा फुटली ही?"

झुंबरबाईनं मागं वळून पाहिलं. परसात कुणी नव्हतं. "तुज्या त्या दिवसाच्या आधी दोन वर्षं. धुताना सटकली हातातून. तुला ठावं न्हाई तवाचा ह्यांचा राग! कोंबडीनं दाणं सांडलं तरी काठी घेऊन उठायचे. एक चिनी जोडनारा दारावर आला. मी म्हनलं टाके नको, ह्यांना दिसतील. तो म्हनला मंग लाखेनं जोडतो, पन बाई, हिच्यात गरम घालू नका."

"म्हनून तुमी मामांना सगळं गार वाढायच्या."

"दोन वर्षं गार वाढलं. दोन वर्षं शिव्या खाल्ल्या त्यापायी."

"आन् पोखर्णीला जाताना मला सांगितलं न्हाई."

झुंबरबाईच्या डोळ्यांना धार लागली. "इसरले गं. देवाच्या घाईत इसरले. त्या राती आले तर घोरी फुटून गेली व्हती. मंग तोंड उघडायची हिम्मत झाली न्हाई. आज सांगते, उद्या सांगते, असं करता करता तू परभणीला गेलीस, कमल आली..."

दैवशालाची कमान थांबली नव्हती. थांबली असती तर काय झालं असतं, तिचं तिलाच ठाऊक.

"पोरी," झुंबरबाईनं आवाज अगदी खाली आणला, "टाक्यांनी तू घट्ट जोडशील. गरम वाढशील. तडकनार न्हाई. निकाल तुज्याच बाजूनं लागंल. तानूचं लगीन व्हईल, तुझी इज्जत माघारी येईल. मंग मला कशाला उकरून काढायलीस? म्हातारपनी हे मला घराबाहेर काढतील."

बाई खोटं बोलत नव्हती. दैवशालानं तेच तर ठरवून परभणी सोडली होती: घोरी जोडायची, वाढायचं, जिंकायचं. आणि जिंकणं आता हातात होतं, एकही शब्द न बोलता.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली.

"कामून न्हाई?"

"चिनीचं भांडं हाय हे. कधी ना कधी परत फुटंल. मांजर पाडंल, कुनाच्या हातून सटकंल. मंग लोक म्हनतील, बगा, शेवटी घोरी बोललीच. तवा तानू तिच्या सासरी आसंल. तिला कोन इचारंल टाके कसे व्हते? एकदा तुमी माझी अब्रू ह्या भांड्यावर ठिवली. आता मी ठिवनार न्हाई."

"माझी दया येत न्हाई तुला?"

"येती. लय येती. पन तुमी बोला, न्हाईतर मी बोलनार."

*

दुपारी बन्सीधरराव आले. उंच, काटक माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत, पालमला शेती आणि एक छोटं दुकान. हातपाय धुऊन ओसरीवर बसले. समोर आप्पाराव पाटावर बसले होते, बाजूला सूर्यभान. तानू खांबाशी मूठ आवळून बसली होती आणि आज्यानं दोनदा विचारूनही मूठ उघडत नव्हती.

कमलबाईनं पिठलं ओसरीवरच शेगडीवर रटरटत ठेवलं होतं. सगळं तिच्या मनाप्रमाणं चाललं होतं. एवढ्यात दैवशाला परसातून आली. घोरीच्या काठाला बोटभर खिंडार तसंच होतं. आणि दैवशालाच्या दुसऱ्या हातात वाढायचा डाव नव्हता, चिमटा होता.

"आक्का, तुकडा बसवायचा ऱ्हायला की!"

"बसवते. आधी एक दाखवायचंय." दैवशालानं घोरी पालथी करून मधोमध ठेवली. पाठीवर पितळेचे सहा टाके ओळीनं होते. "मामा, घोरी जोडली हाय. पन मी हिच्यात वाढनार न्हाई."

"भ्याली!" आप्पाराव गरजले. "बगा बन्सीधरराव! घोरीम्होरं यायला भ्याली!"

"मी भ्याले न्हाई. ही घोरी तुमच्यापुढं फुटायच्या आधीच एकदा फुटली व्हती. लाखेनं जोडून रंगवली व्हती. गरम लागलं, लाख सुटली. त्यात माझा हात न्हवता."

"खोटं! माझी घोरी कधी फुटली न्हाई. आन् लाख तर तूच लावली असशील आता, परसात बसून."

"मला वाटलंच तुमी असं म्हनाल." दैवशाला वळली. "तानू, सांदुकीतून निघाल्यावर हा तुकडा कुनाकडं व्हता?"

"माझ्याकडं," तानूनं मूठ उघडली. घामानं तळहात ओला झाला होता. "सकाळपास्नं. आबा, मी तुमच्यापुढंच बसलेय."

दैवशालानं तो तुकडा चिमट्यात धरला आणि शेगडीच्या निखाऱ्यावर नेला. सगळे वाकून बघू लागले. आधी काहीच झालं नाही. मग कडेवरचा तपकिरी थर चमकला, फुगला, आणि त्याचा एक थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झाला. धुराचा वास ओसरीभर पसरला. तिनं काडी टेकवून ओढली तर चिकट तार निघाली.

बन्सीधररावांनी नाक वर केलं. "लाख हाय ही. खुरप्याची मूठ ढिली झाली की आमी हेच करतो, निखाऱ्यावर धरतो, लाख पातळ व्हती आन् मूठ निघती. शेतकऱ्याच्या पोराला हा वास सांगावा लागत न्हाई, पाटील."

आप्पारावांनाही तो वास ओळखीचा होता. मुठी त्यांनीही लाखेत बसवल्या होत्या, आयुष्यभर.

"पन कोन जोडली?" ते सावकाश म्हणाले. "घोरीला हात तर फक्त..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. झुंबरबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"मी फोडली," ती म्हणाली. "मीच जोडून घेतली. मला ठावं व्हतं ती कामून तडकली. पोखर्णीहून आले त्याच घडीला ठावं व्हतं."

मग सूर्यभानच्या तोंडून शब्द बाहेर पडले, कुणी न विचारता. "मी ते शेंगोळे खाल्ले व्हते. आबा, तुमच्या आधी. दोन वाट्या. मला काय बी झालं न्हवतं."

दैवशालानं नवऱ्याकडं पाहिलं. तिला त्याचा राग येईल असं वाटलं होतं, पण नुसती शिसारी आली. मातीच्या भांड्यानं खोटं बोलावं आणि जित्या माणसानं गप्प राहावं, हे तिला अजून कळत नव्हतं.

आप्पाराव उठले. काठी हातात आली. "झुंबरे, पंचावन्न वर्षं माझं मीठ खाल्लंस! मला साऱ्या गावापुढं खोटं पाडलंस! नीघ. आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून नीघ!"

झुंबरबाई खरोखरच पायरीकडे निघाली. तिनं पदरसुद्धा सावरला नाही. कमलबाई मध्ये पडू की नको करत होती, तेवढ्यात दैवशाला पायरीवर आडवी उभी राहिली.

"थांबा. मामा, आनिक एका बाईला काढायलाव? एवढंच येतं का तुमाला?"

"तू मधी पडू नको! तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी हे न्हाई पाहिजे. मला त्यांना घालवून काय मिळनार? तुमच्या भ्यानं त्यांनी लपवलं, तुमच्या भ्यानं हे गप्प बसले. त्या भ्यानं माझं घर गेलं. आता परत तेच भ्याव घालायलाव."

"मंग तुला काय पाहिजे? जमीन पाहिजे? माघारी घरात यायचंय? ये!"

"पारावर चला."

"काय?"

"तुमी पारावर उभं राहून बोलला व्हताव, माझ्या सुनेनं मला विष घातलं. तिथंच उभं राहून सांगा, घातलं न्हाई. माफी मला नको. शब्द माघारी घ्या."

"आज बाजार हाय!"

"तवा बी बाजार व्हता."

आप्पारावांनी सूर्यभानकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. कमलबाईकडं पाहिलं. कमलबाई सरळ दैवशालाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं तानूलाही हाताला धरून जवळ ओढलं. पाटलांच्या घरात पाटलाच्या बाजूला कुणीच उरलं नव्हतं.

बन्सीधररावांनी पागोटं उचललं. "चला पाटील, मी येतो संगं. पालमला जाऊन मला सांगावं लागंल, मी सोता कानानं ऐकलं. ऐकीव गोष्टीवर मी सुपारी फोडत न्हाई, आन् मोडत बी न्हाई."

*

बाजार ऐन भरात होता. मिरच्यांचे ढीग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, गूळवाल्याभोवती माशा आणि माणसं. पाटील पारावर चढताहेत, मागं अख्खं घर आहे, हे दिसल्यावर आधी जवळचे थांबले, मग लांबचे सरकले. बघता बघता पारापुढं गर्दी झाली.

आप्पारावांनी घसा साफ केला. भावकीतली माणसं पुढंच उभी होती. आता ह्यांच्यापुढं कबूल करायचं, की एका रिकाबीनं मला तेरा वर्षं उल्लू बनवलं!

"मंडळी," ते म्हणाले, "आमच्याकडं एक घोरी व्हती. तिच्यात खोट निघाली. ते... तवाच्या कारागिरानं नीट काम केलं न्हवतं. त्यामुळं एक गैरसमज..."

दैवशाला खाली उभी होती. कारागिरावर ढकलून मोकळा होतोय म्हातारा, तिनं ओळखलं. बोलायला ती पाऊल टाकणार, तोच तिच्या बाजूनं कुणीतरी पुढं गेलं.

झुंबरबाई. पारावर बायका चढत नाहीत. तिनं पाराच्या दगडाला हात लावला, गुडघा टेकला, आणि सगळ्या बाजारासमोर धडपडत वर चढली. आप्पाराव म्हणाले, "खाली उतर," पण तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"खोट घोरीत न्हवती," ती ओरडून म्हणाली. म्हातारीचा आवाज चिरका होता, पण पार शेवटच्या गाडीपर्यंत गेला. "त्या कारागिरानं बी मला सांगितलं व्हतं, गरम घालू नका म्हनून. घोरी मी फोडली व्हती आन् लपवून जोडून घेतली व्हती. ह्या पोरीनं गरम शेंगोळे वाढले आन् ती सुटली. मला सगळं ठावं व्हतं. पाटलांनी इथं उभं राहून तिला इखारीण म्हनलं, तवा मी तिथं, त्या लिंबाखाली उभी व्हते. मी तोंड उघडलं न्हाई. माझ्या सुनेनं, दैवशालानं, कुनालाच इख घातलं न्हाई. घरातनं घालवायला पाहिजे व्हतं ते मला."

मिरचीवाल्या एका बाईनं नाकाला पदर लावला, ती रडत होती की मिरची झोंबली होती, कुणास ठाऊक. आप्पाराव बायकोकडं बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती म्हनती ते खरं हाय. मी चुकीचा फैसला केला. शब्द माघारी घेतो."

"ऐकलं," बन्सीधरराव म्हणाले. "पाटील, सुपारी आजच फोडू."

कमलबाईनं तानूला पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. सूर्यभान गर्दीच्या कडेला उभा होता. त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

झुंबरबाईला आता पारावरून उतरता येईना. चढताना आलेलं बळ कुठंतरी गेलं होतं. ती काठाशी बसली, पाय खाली सोडले, आणि समोर उभ्या राहिलेल्या सुनेकडे तिनं पाहिलं.

"मला माफ केलंस का गं, पोरी?"

दैवशालानं खरं काय ते मनात शोधलं. तेरा वर्षं तिनं या क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता खोटं बोलायची तिची तयारी नव्हती.

"न्हाई, आत्याबाई. आज न्हाई," ती म्हणाली. "पन तुमी कुनी जबरी न करता वर चढलाव आन् खरं बोललाव, हे मी सगळ्यांना सांगीन."

मग तिनं दोन्ही हात पुढं केले, सासूच्या काखेत हात घातले आणि तिला जपून खाली उतरवलं.